रोग्याचें शिक्षण आणि बोलतें यंत्र

इ. स. १९३६ सालीं इंग्लंडांत 'एम्पायर ऱ्हुमॅटिझम कौन्सिल' या नांवाची एक संस्था स्थापन झाली. सांध्यांच्या जुनाट विकारांचें संशोधन व्हावें आणि त्यासाठीं पैसा उभा राहावा, हा तिचा हेतु होता. पुढें अकरा वर्षांनीं, १९४७ सालीं, त्याच देशांत दुसरी एक संस्था निघाली. तिचा संस्थापक आर्थर मेनवेरिंग बोवेन हा तरुण स्वतःच पाठीचा कणा ताठ करून टाकणाऱ्या संधिविकारानें ग्रासलेला होता. पहिली संस्था रोगाचा अभ्यास करणारांची, दुसरी रोग सोसणारांची. सत्तर वर्षें दोघी वेगळ्या नांदल्या, दोघींचीं नांवें अनेकदां बदललीं, आणि २०१७ च्या अखेरीस त्या एकत्र झाल्या. याच सुमारास पहिल्या संस्थेनें आय. बी. एम. कंपनीच्या 'वॉटसन' नामक संगणक-प्रणालीच्या साह्यानें एक नवें साधन तयार करविलें होतें. रोग्यानें आपला प्रश्न आपल्या शब्दांत विचारावा आणि संगणकानें संस्थेच्या माहितीच्या आधारें त्याचें उत्तर द्यावें, अशी ती योजना. अशा साधनास हल्लीं आभासी सहायक म्हणतात. आम्ही सोयीसाठीं त्यास बोलतें यंत्र म्हणूं.

ही गोष्ट वर्तमानपत्री नवलाई म्हणून बाजूस सारण्याजोगी नाहीं. जुनाट रोगाच्या रोग्यास कोणीं शिकवावें, काय शिकवावें, आणि त्या शिकविण्यानें त्याचें दुखणें खरोखर हलकें होतें काय, हे प्रश्न वैद्यकाच्या इतिहासांत जुने आहेत. आणि गेल्या अर्धशतकांत त्यांचें जें उत्तर हातीं आलें, तें खुद्द शिकविणारांच्याही अपेक्षेहून निराळें निघालें. तें उत्तर काय, आणि बोलत्या यंत्रास तें कितपत मानवतें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

रोगी बरा तरी होतो किंवा दगावतो तरी, अशी ज्या रोगांची गति असते त्यांत शिक्षणाला फारसा अवकाश नसतो. पटकीच्या रोग्यास प्रवचन ऐकवून काय होणार? संधिवाताचें तसें नाहीं. तो सहसा मारीत नाहीं आणि सोडीतही नाहीं. गुडघ्याचा सांधा झिजून एकदां दुखूं लागला म्हणजे तें दुखणें पुढचीं वीस-पंचवीस वर्षें मनुष्याबरोबर जिने चढतें आणि उतरतें. याहून कठीण तो दुसरा प्रकार, ज्यांत शरीराची संरक्षक शक्तीच आपल्या सांध्यांवर उलटते, हातांचीं बोटें सुजतात, आणि सकाळीं उठल्यावर तास तास मूठ मिटत नाहीं. १८०० सालीं पॅरिस येथें लांद्रे-बोव्हे या तरुण डॉक्टरानें आपल्या प्रबंधांत त्याचें वर्णन केलें, आणि १८५९ सालीं लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यानें त्यास 'ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस' हें नांव दिलें. आपल्या माधवनिदानांत 'आमवात' म्हणून स्वतंत्र प्रकरण आहे; तो आमवात आणि गॅरडचा रोग एकच, असें बिनदिक्कत सांगणारे पुष्कळ भेटतात, आम्हांस तेवढें धैर्य होत नाहीं. नांव कांहींही असो, अशा रोगांत डॉक्टराची भेट वर्षांतून चार-सहा वेळां, तीही घाईची. बाकीचे सारे दिवस रोगी आपणच आपला वैद्य असतो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. चौथ्या पायाची ही गणना मोठी मार्मिक आहे. कारण तींत रोगी हा उपचार करून घेणारा मातीचा गोळा न राहतां उपचाराचा एक आधार होतो. प्रत्येक पादाचे चार चार गुण दिले आहेत. रोग्याचे गुण कोणते? त्याला स्मरण असावें, त्यानें सांगितल्याप्रमाणें वागावें, तो भित्रा नसावा, आणि आपल्याला काय होतें तें त्याला नीट सांगतां यावें. शास्त्राचें ज्ञान या चारांत नाहीं. तें वैद्याच्या वांट्यास गेलें आहे. निर्भयपणा मात्र आहे. तो तेथें कशासाठीं घातला असेल, याचा विचार आम्हीं तरी हीं वचनें प्रथम वाचतांना केला नव्हता. पुढें त्याचें कारण पडेल.

युरोपांतही ही व्यवस्था पुष्कळ काळ निराळी नव्हती. संधिवाताचे रोगी इंग्लंडांत बाथ येथील ऊन पाण्याच्या कुंडांवर जात, जसे आपल्याकडे वज्रेश्वरीस जातात, आणि जें सांगितलें जाई तें पथ्य पाळीत. रोग्याच्या अंगचा सांगण्याचा गुण किती मोलाचा असतो, याचें उदाहरण मात्र विसाव्या शतकानें दिलें. १९२९ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें फिलिप हेंच या डॉक्टराला एका रोग्यानें सांगितलें कीं, कावीळ झाल्यापासून आपले सांधे दुखेनासे झाले आहेत. हा रोगी स्वतः डॉक्टर होता. दुसऱ्या एखाद्या वैद्यानें ही गोष्ट हंसण्यावारी नेली असती. हेंचनें ती एकोणीस वर्षें मनांत घोळवली. कावीळ झाली असतां, तशीच गर्भारपणांत, शरीरांत असें कोणतें द्रव्य वाढतें कीं ज्यानें सांधे मोकळे होतात, याचा शोध करतां करतां तो आणि त्याचा सहकारी एडवर्ड केंडॉल कॉर्टिझोनपर्यंत पोहोंचले. सप्टेंबर १९४८ मध्यें तें प्रथम एका तरुण स्त्रीला टोंचण्यांत आलें आणि अंथरुणास खिळलेली ती थोड्याच दिवसांत हिंडूं फिरूं लागली. १९५० सालचें नोबेल पारितोषिक हेंच, केंडॉल व राइखस्टाइन या तिघांस मिळालें.

पण आनंद फार काळ टिकला नाहीं. औषध थांबवलें कीं रोग परत येई. चालूं ठेवलें तर तोंड सुजे, हाडें ठिसूळ होत. आणि बरेच दिवस घेतलेलें औषध एकदम सोडलें तर जिवावर बेते. म्हणजे आतां नुसत्या आज्ञापालनानें भागेना. औषध काय करतें, काय करीत नाहीं, कोणत्या लक्षणास घाबरावें आणि कोणत्यास नाहीं, हें रोग्यास ठाऊक असणें अवश्य झालें. पत्रकें छापण्यांत येऊं लागलीं, दवाखान्यांतून वर्ग भरूं लागले. हें शिक्षण देणारे डॉक्टर आणि परिचारिका मनांत एकच सूत्र धरून होते: रोग्यास माहिती मिळाली कीं त्याचें वागणें सुधारेल, आणि वागणें सुधारलें कीं दुखणें कमी होईल. सूत्र इतकें सरळ दिसे कीं तें तपासून पाहण्याची गरज कोणास वाटली नसल्यास नवल नाहीं.

तें तपासलें गेलें कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत. तेथें १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस केट लॉरिग नांवाच्या, मूळच्या परिचारिका असलेल्या एका विदुषीनें संधिवाताच्या रोग्यांसाठीं एक वर्ग सुरू केला. हॅल्स्टेड होल्मन या वडील डॉक्टरांचा तिला पाठिंबा होता. वर्ग सहा आठवड्यांचा, दर आठवड्यास दोन तासांचा. व्यायाम कसा करावा, औषधें कशीं घ्यावींत, शीण कसा आंवरावा, डॉक्टराशीं बोलावें कसें, हे विषय. शिकविण्यास मात्र डॉक्टर नव्हते. थोडी तालीम दिलेले सामान्य लोक जोडीजोडीनें वर्ग चालवीत, आणि त्यांतले पुष्कळजण स्वतःच संधिवाताचे रोगी असत. १९८० सालीं लॉरिग आणि जेम्स फ्राइस यांनीं या विषयावर एक मार्गदर्शक पुस्तकही प्रसिद्ध केलें.

वर्गास गेलेल्या रोग्यांचें दुखणें कमी झालें. येथवर सर्व ठीक. पण लॉरिगनें हिशेब मांडून पाहिला तेव्हां गाडी अडली. ज्यांनीं शिकवलेला व्यायाम अधिक केला त्यांचेंच दुखणें अधिक कमी व्हावयास पाहिजे होतें, तसें दिसेना. शिकवलेल्या गोष्टी करणें आणि बरें वाटणें यांचा मेळ फारच दुबळा पडला. सूत्राचें मधलें कडेंच निसटलें होतें! एखादा अभ्यासक असे आंकडे पेटींत ठेवून देता. या मंडळींनीं तसें केलें नाहीं. ते रोग्यांकडे गेले आणि ज्यांना बरें वाटलें त्यांस व ज्यांना वाटलें नाहीं त्यांस, दोघांसही कारण विचारलें. ज्यांचें दुखणें हलकें झालें होतें ते म्हणत, आपल्या दुखण्यावर आतां आपलें कांहींतरी चालतें असें वाटूं लागलें आहे. ज्यांना गुण आला नव्हता त्यांचें म्हणणें, यावर कोणाचाच इलाज नाहीं.

त्याच विद्यापीठांत अल्बर्ट बंडुरा नांवाचे मानसशास्त्रज्ञ होते. मनुष्य एखादें काम हातीं घेतो कीं नाहीं आणि तें तडीस नेतो कीं नाहीं, हें 'हें मला जमेल' या त्याच्या विश्वासावर पुष्कळ अवलंबून असतें, असा सिद्धांत त्यांनीं १९७७ सालीं मांडला होता. लॉरिगच्या आंकड्यांचें कोडें या सिद्धांतानें सुटण्यासारखें होतें. मग वर्गाची रचनाच त्या धोरणानें बदलण्यांत आली. आतां प्रत्येकानें पुढच्या आठवड्यांत करावयाचें एक काम स्वतःच ठरवावयाचें. तें किती, केव्हां, आठवड्यांतून किती दिवस, हें चारचौघांत सांगावयाचें. आणि तें आपल्या हातून होईल याची खात्री दहांपैकीं किती, तें बोलून दाखवावयाचें. खात्री सातांहून कमी निघाली तर काम लहान करावयाचें. मैलभर चालणें नको, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालूं. आठवड्यानें पुन्हा विचारणा. न जमल्यास बाकीच्या रोग्यांनीं युक्त्या सुचवावयाच्या. आम्ही इतकीं वर्षें शिकविण्याचा धंदा करीत आलों. विद्यार्थ्याच्या खात्रीच्या मापानें पाठ लहान करावा, हें आमच्या शास्त्रांत कोणीं इतक्या साधेपणानें सांगितल्याचें आठवत नाहीं.

१९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत वर्गानंतर चार वर्षांनीं काय झालें तें आलें आहे. रोग्यांच्या वेदना सरासरीनें शेकडा २० कमी होत्या, आणि डॉक्टरांकडील त्यांच्या खेपा शेकडा ४० नीं घटल्या होत्या. याच चार वर्षांत त्यांचें शारीरिक पंगुत्व मात्र शेकडा ९ नीं वाढलें होतें. हा तिसरा आंकडा वाचकांनीं नजरेआड करूं नये. रोग थांबला नव्हता. सांधे आपल्या गतीनें बिघडतच होते. तरी माणसांना दुखत कमी होतें आणि तीं डॉक्टराकडे कमी धांवत होतीं. चरकाच्या यादींतील तो निर्भयपणा आम्हांस येथें आठवला. अर्थात् स्टॅनफर्डच्या मंडळींनीं चरक वाचला होता असें सुचविण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. असलीं अनुमानें काढण्याची आपल्याकडे जी हौस आहे तिचा आम्हांस कंटाळा आहे.

आतां यंत्राकडे वळूं. त्याचा इतिहास अगदींच कालपरवांचा नाहीं. १९६६ सालीं दोन गोष्टी प्रसिद्ध झाल्या. विस्कॉन्सिन विद्यापीठांतील वॉर्नर स्लॅक या डॉक्टरानें रोग्याला प्रश्न विचारून त्याचा पूर्ववृत्तांत टिपून घेणारा संगणक तयार केला होता. त्याचा लेख त्या वर्षीं आला. वैद्यकांत सर्वांत कमी वापरलें गेलेलें साधन म्हणजे स्वतः रोगीच, असें या स्लॅकचें मत होतें. त्याच वर्षीं मॅसेच्युसेट्स येथील वायझेनबाऊम या अध्यापकानें 'एलायझा' नांवाच्या संभाषण-यंत्राची हकीकत छापली. नांव शॉच्या नाटकांतील त्या फुलें विकणाऱ्या मुलीवरून घेतलेलें. एलायझास कांहींच समजत नसे. समोरच्यानें टाकलेलें वाक्य उलटवून त्याचा प्रश्न करावा, एवढीच तिची करामत. असें असतां वायझेनबाऊमच्या स्वतःच्या चिटणीस बाईनें तिच्याशीं दोन-चार वाक्यें बोलल्यावर साहेबांस खोलीबाहेर जाण्यास सांगितलें. या प्रकारानें वायझेनबाऊम इतका अस्वस्थ झाला कीं, १९७६ सालीं त्यानें यंत्राकडे कोणतीं कामें सोंपवूं नयेत याविषयीं एक ग्रंथच लिहिला. स्लॅकच्या यंत्रांत रोगी सांगे आणि यंत्र टिपून घेई. एलायझापाशीं मनुष्य आपलें मन मोकळें करी. आजच्या बोलत्या यंत्रांत या दोघांचें रक्त आहे.

तिसरें उदाहरण बोस्टनचें. तेथें टिमथी बिकमोर यानें पडद्यावर दिसणारी एक परिचारिका निर्माण केली. रुग्णालयांतून घरीं जाणाऱ्या रोग्यास ती त्याचीं औषधें, वेळा, पुढच्या भेटी समजावून सांगे आणि समजलें कीं नाहीं तें प्रश्न विचारून पाही. रोग्यानें आपलें उत्तर पडद्यावरच्या ठराविक वाक्यांतून बोटानें निवडावयाचें. ऐकण्यांत यंत्राची चूक होऊन अनर्थ होऊं नये म्हणून ही खबरदारी. हे रोगी सांधेदुखीचे नव्हते, आणि त्यांतल्या पुष्कळांस लिहिणें-वाचणें बेताचेंच येत होतें. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आढळलें तें असें कीं, ही माहिती डॉक्टर किंवा खरी परिचारिका यांच्यापेक्षां पडद्यावरच्या बाईकडून ऐकणें अधिक रोग्यांनीं पसंत केलें. कारण एवढेंच कीं, तिला घाई नव्हती. यांत यंत्राची स्तुति किती आणि आपल्या रुग्णालयांची निंदा किती, तें ज्याचें त्यानें ठरवावें.

यंत्रापाशीं वेळ आहे, हा त्याचा पहिला गुण. रात्रीं दोन वाजतां गुडघा ठणकूं लागला तरी तें जागें असतें, आणि तोच प्रश्न दहाव्यांदा विचारला तरी त्याच्या कपाळास आठी पडत नाहीं. पण हा गुण माहिती देण्याच्या कामाचा आहे, आणि स्टॅनफर्डचे आंकडे तर म्हणतात कीं माहिती हें निम्मेंच काम. उरलेलें काम, हें मला जमेल असा विश्वास उत्पन्न करणें, तें तेथें कोणीं केलें? बोटें वांकडी झालेल्या, तरीही बसनें वर्गाला आलेल्या, शेजारच्या बाईनें. तिनें सांगितलें म्हणून तें पटलें नाहीं. तिला पाहिलें म्हणून पटलें. लॉरिगच्या मंडळींनीं पुढें आपला वर्ग संगणकावरून चालविला. त्याची वर्षभराची चांचणी २००८ सालीं प्रसिद्ध झाली आणि रोग्यांस त्याचाही उपयोग झाल्याचें दिसलें. परंतु त्या वर्गांतही रोग्यांचे गट होते, आणि गट चालविणारीं माणसें होतीं. तीं त्यांनीं काढून टाकलीं नाहींत, ही गोष्ट आमच्या मतें फार महत्त्वाची आहे.

आणि माहितीपुरतें बोलावयाचें तरी यंत्राचें बोलणें बिनघोर नाहीं. आमवातावर आज सर्वत्र दिलें जाणारें औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. १९८० नंतरच्या दशकांत तें या रोगासाठीं प्रचारांत आलें. तें आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें. बाकीच्या गोळ्या रोज घ्यावयाच्या असल्यामुळें कोणी हीही रोज घेतो, आणि अशा चुकीनें अनेक देशांत माणसें मेलीं आहेत. तेव्हां 'आठवड्यांतून एकदां' हे दोन शब्द म्हणजे रोग्याच्या शिक्षणाचा पहिला धडा. बिकमोरच्या परिचारिकेस जें शिकवलें होतें तेंच ती बोले. वॉटसनच्या आधारें केलेलें यंत्रही संस्थेनें दिलेल्या माहितीवर उभें होतें. २०२२ च्या अखेरीपासून जीं नवीं यंत्रें लोकांच्या हातीं आलीं तीं वाक्यें स्वतःच जुळवितात. त्यांची भाषा इतकी सफाईदार असते कीं, खरें सांगतांना आणि चुकीचें सांगतांना त्यांचा स्वर एकच राहतो. माणूस अडखळतो, 'विचारून सांगतों' म्हणतो. त्या अडखळण्यावरून ऐकणारास सावध होतां येतें. मेथोट्रेक्सेटच्या डब्याजवळ बसलेल्या रोग्यास ही सोय यंत्रापाशीं सहसा मिळत नाहीं.

आपल्या प्रांतापुरता आणखी एक मुद्दा आहे, तो भाषेचा. पुणें जिल्ह्यांतील भिगवण हें गांव उजनी जलाशयाच्या कांठचे पक्षी पाहण्यास जाणाऱ्यांस परिचित आहे. संधिवाताच्या अभ्यासकांस तें निराळ्या कारणानें ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें व संधिवाततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघानें १९८१ सालीं जनसमाजांतील सांधेदुखी मोजण्याची एक योजना आंखली होती. तिच्या अन्वयें १९९६ सालीं पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनीं भिगवण येथें घरोघर पाहणी सुरू केली. ४,००० हून अधिक प्रौढ स्त्रीपुरुषांस विचारण्यांत आलें. शेकडा सुमारें १८ जणांस सांधे, स्नायु वा कंबर यांचें कांहींना कांहीं दुखणें निघालें. गॅरडच्या रोगाचे रोगी दर २०० प्रौढांत सुमारें एक.

अशा पाहणीचा सारा भार विचारण्यावर असतो, आणि विचारणें भाषेवर. इंग्रजी पुस्तकांतील 'पेन' या एका शब्दाच्या जागीं आपल्या खेड्यांत किती शब्द आहेत! ठणका, कळ, चमक, सणक, शिवशिव, आखडणें, अवघडणें, भरून येणें. ज्याचे सांधे सकाळीं 'आखडतात' आणि तासाभरानें मोकळे होतात त्याचा रोग एक, आणि दिवसभर काम करून संध्याकाळीं ज्याचे गुडघे 'भरून येतात' त्याचा रोग बहुधा दुसरा. डॉक्टर ज्या भेदावर निदान करतो तो भेद शेतकऱ्याच्या बोलण्यांत आयता असतो, फक्त ऐकणारास ती बोली यावयास पाहिजे. उलट, सगळ्याच दुखण्यास 'वात' म्हणण्याची आपली रीत निदानाच्या आड येते. 'वात आहे' म्हटलें कीं मालीश, शेक आणि पथ्य यांतच वर्ष निघून जातें, आणि आमवातांत तें पहिलें वर्षच सर्वांत मोलाचें असतें, कारण सांधा एकदां झिजून वांकला म्हणजे कोणतेंही औषध त्याला सरळ करीत नाहीं. नवीं यंत्रें मराठी लिहितात, नाहीं असें नाहीं. पण तीं ज्या मजकुरावर वाढलीं त्यांत इंग्रजीच्या मानानें मराठी थोडी, आणि त्या थोड्यांत भिगवणच्या घराघरांतली मराठी किती असणार?

त्या पाहणीच्या प्रश्नावलींत एक माणसाची आकृति छापलेली असते. कोठें दुखतें असें विचारावयाचें, आणि रोगी दाखवील त्या सांध्यावर खूण करावयाची. ज्याला अक्षर येत नाहीं त्यालाही हें येतें. घरोघर जाऊन हे प्रश्न विचारण्याच्या कामीं त्याच भागांतले, शिकवून तयार केलेले कार्यकर्ते होते; ते ओसरीवर बसत, म्हातारीचा हात हातांत घेत, आणि ती बोट ठेवील तेथें पेन्सिलीनें खूण करीत.